शुद्धीवरचा दारुड्या

रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी एक माणूस माझ्या तोंडावर श्वास सोडायचा. मी शिक्षकांच्या खोलीत हजेरीपट चाळत बसलेलो असायचो. तो दारात यायचा, इकडेतिकडे बघायचा, माझ्या खुर्चीजवळ वाकायचा आणि चष्मा पुसायच्या आधी काचेवर करतात तसं "हाऽऽ" करायचा. मग विचारायचा, "हाय का काई?" मी "नाही" म्हणालो की तो घंटा द्यायला जायचा. जवळजवळ वर्षभर हे चाललं. एवढ्या जवळ येऊन, एवढ्या नेमानं, माझ्या घरच्या माणसांनीही मला कधी काही विचारलेलं नाही.

हा भागाजी. आमच्या हायस्कुलात शिपाई होता आणि मी तिथं मराठी शिकवायचो. सोनईपासून चार-पाच कोसांवरचं गाव. आता मी निवृत्त होऊन नगरला सावेडीत राहतो. संध्याकाळी बाकावर बसणारी मंडळी कधीकधी विचारतात, सर, एवढ्या नोकरीत लक्षात राहिलेला माणूस कोण? त्यांना एखादा मोठ्या हुद्द्यावर गेलेला विद्यार्थी अपेक्षित असतो. मला शिपाई आठवतो. प्रेमानं आठवतो असं मात्र समजू नका. त्याचा मला राग येतो, आणि त्यातला निम्मा राग माझ्याच वाटणीचा आहे.

शाळेत तो शिपाई असला तरी तालुक्यात त्याची ओळख सोंगाड्या म्हणून. तरुणपणी दहा-बारा वर्षं तमाशाच्या फडात होता. दारुड्याचं सोंग ही त्याची खासियत. ते सोंग बघायला माणसं बैलगाड्या जुंपून यायची. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब, त्यांनी एका जत्रेत त्याला पाहिलं आणि हसून हसून डोळे पुसत शाळेत चिकटवला. आमच्याकडे नोकऱ्या अशाच लागायच्या. कुणी नात्यातला म्हणून, कुणी जातीतला म्हणून. हा एकटा हसवतो म्हणून लागला. कायम मात्र केला नाही. कायम केलेला माणूस बोलावल्यावर लगेच येत नाही, हे आबासाहेबांना पक्कं ठाऊक होतं.

भागाजी दिसायला काही नव्हता. किडकिडीत, गालफडं बसलेली, कान मोठे. चालताना मान थोडी पुढे. पण हजार माणसं समोर असली की त्याला नुसती भुवई पुरायची. मी एकदा त्याला विचारलं, दारुड्या इतका हुबेहूब कसा जमतो? तो म्हणाला, "बाकीचे झोकांड्या खात्यात, सर. दारुड्या कवा झोकांड्या खात न्हाई. त्यो सरळ चालायला बघतो. सरळ चालायची धडपड दावली की लोक हसत्यात." मी तीस वर्षं व्याकरण आणि रसग्रहण शिकवलं, पण विनोदाबद्दल याच्याहून शहाणं वाक्य मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

ही विद्या त्यानं घरबसल्या मिळवलेली नव्हती. तो खराही प्यायचा, आणि बेदम प्यायचा. स्टेजवर दारुड्या, उतरल्यावर दारुड्या. मधे फक्त तोंडाचा रंग पुसायचा. त्याची बायको सुमन. घर बौद्ध, रोज सकाळी ती बुद्धाच्या तसबिरीपुढे पंचशील म्हणायची. चार शीलं एका सुरात म्हणायची आणि पाचवं, ते दारूबद्दलचं, म्हणताना थांबून याच्याकडे बघायची. हे तो मला हसत हसत सांगायचा. सुमनवहिनींनी नऊ वर्षं काढली. मूलबाळ नव्हतं. एक दिवस पिशवीत दोन लुगडी आणि ती तसबीर घालून त्या सोनईला भावाकडे गेल्या, आणि तिथं अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागल्या.

हा दोनदा आणायला गेला, दोन्ही वेळा पिऊन. त्या बाहेरच आल्या नाहीत. तिसऱ्यांदा सकाळी सकाळी कोरडा गेला. तेव्हा त्या उंबऱ्यावर आल्या आणि म्हणाल्या, आज बुद्धपौर्णिमा आहे, पुढच्या बुद्धपौर्णिमेपर्यंत थेंब घेऊ नका, मी माझ्या पायांनी येते. रडणं नाही, शिव्या नाहीत. भागाजी म्हणाला, तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी परत गुत्त्यावर गेलो असतो.

त्यानं सोडली, आणि खरोखर सोडली. कुठल्या बुवाची माळ नाही, गोळ्या नाहीत. हात कापायचे, घंटेचा टोला चुकायचा, पण सोडली. आणि मग सुरू झाली गंमत. गावानं त्याला पिताना बारा वर्षं सांभाळून घेतलं होतं. सोडल्यावर सांभाळायला कुणी तयार होईना. बडीशेप खाल्ली तर म्हणायचे वास लपवतोय. म्हणून त्यानं बडीशेप सोडली, पान सोडलं, वेलदोडासुद्धा सोडला. रविवारी दाढी केली तर म्हणायचे कुठल्या बैठकीला? खोकला झाला तरी औषध घेईना, कारण त्या औषधालाही वास असतो. तेव्हाच त्यानं मला साक्षीदार नेमलं. म्हणाला, "तुमी बामनासारखं बोलता सर, तुमचा सबूत लोक मानत्याल." मी ब्राह्मण नाही, पण शुद्ध बोलणाऱ्या माणसाची साक्ष पक्की धरतात, हे त्याचं निरीक्षण काही चूक नव्हतं.

लोकांना तो शुद्धीवर नकोच होता. बाजारात भाजीच्या पाट्यांमधून जाताना कुणीतरी ओरडायचं, "भागाजी, एकडाव पडून दाव की." आणि तो पडायचा. गवारीच्या ढिगाला धक्का न लावता, टोपी न पाडता, असा पडायचा की भाजीवाल्या बायका पदर तोंडात धरायच्या. उठून धूळ झटकताना मला म्हणायचा, "नाव झालं म्हंजे काय सर, आपल्या पडन्याची लोकांला सवय लागली."

त्याची आई गेली तेव्हा मी होतो. हा पुढे मडकं धरून चाललेला. वाटेत दगड होता, त्याला खरोखर ठेच लागली. तोल गेला, मडकं सावरायला त्यानं दुसरा हात वर केला आणि दोन पावलं तिरपा धावला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. एकाचं हसू दुसऱ्याला लागलं. तिरडीला खांदा दिलेली माणसंसुद्धा हसू दाबताना हलायला लागली. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. दहा-बारा दिवसांनी मात्र मला म्हणाला, आई मेली त्याचं वाईट वाटलंच सर, पण तिथं हशा कमी पडला असता तरीबी वाईट वाटलं असतं. हे ऐकून मी सावध व्हायला हवं होतं. मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं आणि स्वतःला रसिक समजलो.

त्याच वर्षी सरकारी दारूबंदीची मोहीम निघाली. आमच्या कलापथकासाठी मी नाटुकलं लिहिलं, पेटीही मीच वाजवायचो. दारुड्या अर्थातच भागाजी. आमची पद्धत अशी की सगळ्यांची वाक्यं मी लिहायची आणि त्याच्या जागी फक्त "येथे भागाजी" एवढंच. सोंगाड्याचं काम लिहीत नाहीत. लिहिलं की मरतं. पहिला प्रयोग झाला, माणसं गडबडा लोळली. भाषण करायला आलेले साहेब मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, मोहीम दारूबंदीची आहे हो, यांनी खरंच घेतली आहे का? भागाजीनं ऐकलं. तो सरळ पुढे आला आणि साहेबांच्या तोंडावर "हाऽऽ" केलं. साहेब दचकून खुर्चीवर बसले. आम्ही खूप हसलो. मैदानातून बाहेर पडलो तर प्रयोग बघून निघालेले दोघे जण त्याच्या चालीची नक्कल करत गुत्त्याकडे चालले होते.

दर रविवारी तो एसटीनं सोनईला जायचा. सुमनवहिनी उंबऱ्याच्या आत आणि हा बाहेर, हातभर अंतरावर. तिथंही आधी "हाऽऽ". मग ओट्यावर बसायची परवानगी, मग चहा. सहाएक महिन्यांनी त्या समोर बसून बोलायला लागल्या. सोमवारी मी विचारायचो, काय म्हणाल्या? तो म्हणायचा, "जुनं सांगत हुती." याहून जास्त सांगायचा नाही. एकदाच म्हणाला, "सगळ्या मुलखाला माझं हसू येतं, एकट्या तिला येत न्हाई. म्हनून तिच्याम्होरं बसलं की मला मी कोन ते कळतं. भ्याबी वाटतं." लग्नाबद्दल मी पुष्कळ वाचलंय, पण एवढं कामाचं नाही. माघ संपेपर्यंत त्यानं घराला चुना दिला, पन्हाळी बदलली. तीन महिने उरले होते.

आणि जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. आमच्या गटातून आबासाहेब उभे. शाळेची अख्खी फौज प्रचाराला. खडू ठेवून आम्ही पत्रकं हातात घेतली. नियमात बसत नव्हतं, पण नियम वाचणारे हेडमास्तरच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेले. विरोधी उमेदवार पितो असा बोभाटा होता. आबासाहेबांनी भागाजीला बोलावलं आणि सांगितलं, त्याचं सोंग काढायचं, गावोगाव. निवडून आलो की तुझी कायमची ऑर्डर. मला म्हणाले, सर, तुम्ही तेवढं कागदावर मांडा. मी मांडलं. भागाजी म्हणाला, "आमी दुसऱ्याचं सोंग काढतो म्हनून आमी सोंगाडे. ह्ये आपलंच काढत्यात, तर ह्यांला मतं." म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसला. मीही बसलो.

सोनईच्या बाजाराच्या दिवशी दुपारची सभा. ऊन रणरणतं. आबासाहेबांचं भाषण रेंगाळलं, माणसं उठायला लागली, मागून विरोधकांची पोरं शिट्ट्या मारायला लागली. आबासाहेबांनी खुर्चीत बसूनच भागाजीला खूण केली. तो उभा राहिला. आधी नेहमीचं झालं, सरळ चालायची धडपड. लोक हसले, पण ते पाहिलेलं होतं. शिट्ट्या थांबेनात. मला पेटीमागून त्याचा घाम दिसत होता. सोंगाड्याला भूक सोसते, अपमान सोसतो, गप्प बसलेली माणसं सोसत नाहीत.

मग त्यानं नवीनच काढलं. विरोधी उमेदवार पिऊन घरी येतो. घरात बायको नाही. ती लपलीय कडब्याच्या गंजीत. भागाजी क्षणात उमेदवार, क्षणात ती बायको. ती गंजीत गुडघे पोटाशी घेऊन बसलीय. वहाणांच्या आवाजावरून ओळखतेय की आज किती झालीय. नाकात कडब्याचा भुसा गेलाय, खोकला येतोय, आणि ती दोन्ही हातांनी तोंड दाबून खोकला गिळतेय. तो गिळलेला खोकला त्यानं असा काढला, की डोळे बाहेर, गाल फुगलेले, आणि शेवटी अगदी बारीक, उंदरासारखा "खुक". बाजार फुटला. शिट्ट्या मारणारी पोरंसुद्धा पोट धरून बसली. आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पेटीवर डोकं टेकून हसत होतो.

डोकं वर केलं तेव्हा धान्याच्या दुकानापाशी सुमनवहिनी उभ्या दिसल्या. हातात अंगणवाडीच्या मटकीची पिशवी. भागाजीनंही त्यांना पाहिलं. त्यानं पाहिलं हे मी पाहिलं, त्यात शंका नाही. अर्धा क्षण त्याची भुवई जागच्या जागी थांबली. वाटलं, आता हा थांबेल. लोक "आनखी, आनखी" ओरडत होते. त्यानं ओठ दाबले, गाल फुगवले आणि तोच खोकला पुन्हा काढला, पहिल्यापेक्षा सावकाश. पुन्हा बाजार फुटला. मग तो सरळ चालायची धडपड करत स्टेजवरून उतरला, गर्दीतून तसाच वहिनींच्या दिशेनं गेला. तोवर त्या निघून गेल्या होत्या.

जीपमध्ये मी विचारलं, थांबला का नाही? म्हणाला, "हशा चालू हुता, सर. चालू हशात थांबता येत न्हाई."

बुद्धपौर्णिमा आली, वहिनी आल्या नाहीत. आबासाहेब निवडून आले. भागाजीला कायमची ऑर्डर मिळाली. सत्काराला तेच विरोधी उमेदवार हार घेऊन आले आणि दोघे एका ताटात जेवले. भागाजीला ताकीद मिळाली, ते सोंग आता बंद. त्यानं शाळेच्या कपाटामागे बसून भजी खाल्ली.

त्याची एकच समजूत झाली होती आणि ती कुणी काढू शकलं नाही: सुमनला वाटलं, मी प्यालोय. भर दुपारी, भर बाजारात, लटपटत तिच्याकडे गेलो, तिला कसं कळावं सोंग आहे म्हणून? ती बिचारी अकरा महिने वास घेत बसली आणि बाराव्या महिन्यात हे बघितलं. रविवारी सोनईला जायचा, दार बंद. ओट्याखाली उभा राहून बंद दारावर "हाऽऽ" करून यायचा. पाच वर्षं. या पाच वर्षांत त्यानं थेंब घेतला नाही, हे मी कुठल्याही तसबिरीवर हात ठेवून सांगेन. कुणासाठी नव्हतं ते. नुसता पुरावा जमवत होता. येता-जाता मला म्हणायचा, "म्या घेतली न्हवती सर, तुमाला ठावं हाय. तुमी एकडाव जाऊन सांगा तिला. तुमचं ऐकंल."

मी टाळत राहिलो. शेवटी माझी बदली संस्थेच्या केडगावच्या शाळेत झाली, तेव्हा जायच्या आधी एकदाचं ते काम उरकावं म्हणून सोनईला गेलो. भागाजी स्टँडवर थांबला. वहिनी अंगणवाडीचं पातेलं घासत होत्या. हात धुऊन आल्या, मला ओट्यावर बसायला चटई दिली. केस पांढरे झालेले. मी घसा साफ करून सांगितलं की त्या दिवशी भागाजी प्यालेला नव्हता, सकाळीच मी त्याचा श्वास पाहिला होता, हवं तर शपथ घेतो.

त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय, सर. त्यांनी घेतली न्हवती. तिथंच कळलं हुतं मला."

मग का, एवढंच मी विचारलं.

"त्ये कडब्याचं म्या त्यांला ह्याच वट्यावर सांगितलं हुतं. गंजीत बसायची मी. तोंड दाबून. आईलाबी कवा सांगितलं न्हाई. मानूस शुद्धीवर आलाय, ऐकतोय, म्हनून सांगितलं." त्यांनी ओला हात पदराला पुसला. "त्ये पिऊन बोलले असते तर म्या म्हनलं असतं, दारू बोलली, आन् मी गेले असते मागं. दारू तर न्हवतीच. मंग बोललं कोन, सर?"

मी चटईच्या काड्या बघत बसलो. उठलो तेव्हा त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तुमीबी हसत हुता. पेटीवर." चहा त्यांनी विचारला, मी नको म्हणालो.

स्टँडपर्यंत दहा मिनिटांची वाट. त्याला काय सांगायचं ते मी तेवढ्यात ठरवलं असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला भीती वाटली. भागाजी शेडखाली उभा होता. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या तोंडावर शोधत होता. मी म्हणालो, "नाही पटलं त्यांना. त्या म्हणतात, तुम्ही प्यालेलाच होतात."

तो खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुमी शपत घेतली तरीबी?"

"तरीही."

"अजून तिला वाटतंय, मी प्यालेलो हुतो?"

"हो."

त्यानं मान वर केली. मला वाटलं होतं तो रडेल. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखत होतो. जत्रेत, बाजारात, सभेत मी ते शंभरदा पाहिलं होतं. "नऊ वर्सं घरात बगितलं तिनं मला," तो म्हणाला. "तिलाबी सोंग वळखू आलं न्हाई." मग माझ्या बाहीला धरून म्हणाला, "काय म्हनली, परत सांगा, सर."

मी परत सांगितलं. दुसऱ्या वेळी थोडं वाढवूनही सांगितलं. तो कान देऊन ऐकत होता आणि मधेच मान डोलावत होता.

तेवढ्यात एसटी लागली. मला नगरची गाडी धरायची होती, त्याची गाडी गावाकडची. चढताना त्याचा पाय पायरीवर अडखळला, का त्यानं अडखळवला, मला कळलं नाही. दांडी धरून तो कसाबसा सरळ झाला. मागे रांगेत उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. त्यानं वळून त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.